तक्रार ‘बंद’ झाली, पण काम झालं का? पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्यात नव्याने आलेल्या माणसाची महापालिकेशी पहिली ओळख बऱ्याचदा एका मेसेजने होते: ‘आपल्या तक्रारीचं निराकरण करण्यात आलं आहे.’ खाली उतरून बघावं तर चेंबर तसंच तुंबलेलं. इथेच बहुतेक जण हात टेकतात आणि पुन्हा तक्रार करत नाहीत. तक्रार बंद होणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम झाल्याशिवाय बंद करणं अवघड जाईल अशी तक्रार लिहिता येते, आणि तरीही बंद झाली तर ती पुन्हा उभी करता येते. त्याची पद्धत पुढे दिली आहे.

१. आधी हद्द ओळखा

पत्त्यात ‘पुणे’ लिहिलेलं असलं म्हणजे ती जागा पुणे महापालिकेचीच असते असं नाही. वाकड, पिंपळे सौदागर, सांगवी हे भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतात. त्यांची ‘सारथी’ हेल्पलाइन वेगळी आहे: ८८८८००६६६६. कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता आणि ईस्ट स्ट्रीट पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहेत, तर खडकी बाजार खडकी कॅन्टोन्मेंटकडे. हिंजवडीत ग्रामपंचायत आहे आणि आयटी पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे आहेत. औंधमध्ये राहणाऱ्याने नदीचा पूल ओलांडला की महापालिका बदलते.

हद्दीवरची गावं हा आणखी गोंधळाचा भाग. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली आणि मांजरी बुद्रुक दुसऱ्या टप्प्यातली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची मात्र नंतर वगळून तिथे स्वतंत्र नगरपरिषद केली गेली. घरमालकाकडे मिळकतकराचं ताजं बिल मागा. त्यावर ज्या संस्थेचं नाव, तीच तुमची संस्था.

हद्दीच्या आतही काही गोष्टी महापालिकेच्या हातात नसतात. वीज गेली किंवा डीपीतून ठिणग्या उडताहेत तर महावितरण (१९१२). पण रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर महापालिकेचा विद्युत विभाग. वारजे ते नवले पूल हा बाह्यवळण महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे (१०३३). सोसायटीच्या कुंपणाच्या आतले रस्ते, चेंबर, दिवे आणि झाडांचा पाला हे सगळं सोसायटीनेच बघायचं असतं.

२. कोणतं क्षेत्रीय कार्यालय, कोणतं खातं

शहरात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत: कोथरूड-बावधन, औंध-बाणेर, हडपसर-मुंढवा, नगर रोड-वडगावशेरी, धनकवडी-सहकारनगर वगैरे. प्रत्येकाचा प्रमुख महापालिका सहायक आयुक्त असतो. लोक त्यांना ‘वॉर्ड ऑफिसर’ म्हणतात. त्यांच्या वर परिमंडळाचे (काही क्षेत्रीय कार्यालयांच्या गटाचे) उपायुक्त. रोजची बहुतेक कामं क्षेत्रीय कार्यालयातच सुटतात. शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत थेट गेलात तर कागद फिरून तिथेच परत येतो, आणि त्यात आठवडा जातो.

तक्रार अडकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे चुकीचं खातं. काही खाचाखोचा लक्षात ठेवा.

रस्ता: साधारण १२ मीटरपेक्षा अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे. गल्लीतला खड्डा आणि गल्लीच्या तोंडाशी मोठ्या रस्त्यावरचा खड्डा एकाच तक्रारीत लिहिलात तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतील.

पाणी: पाणीपुरवठ्याचे विभाग (स्वारगेट, लष्कर, एसएनडीटी-चतुःशृंगी वगैरे) जलकेंद्रं आणि टाक्यांप्रमाणे आखलेले आहेत, क्षेत्रीय कार्यालयांप्रमाणे नाहीत. त्यामुळे शेजारच्या दोन गल्ल्यांचे कनिष्ठ अभियंते वेगळे असू शकतात. पाणी सोडायला येणाऱ्या वॉल्वमनला विचारा. कोणत्या टाकीवरून, किती वाजता आणि किती वेळ पाणी सुटतं, हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

सांडपाणी: मैलापाण्याची वाहिनी आणि पावसाळी गटार वेगळी असते. पावसात मैलापाण्याचं चेंबर उसळतं तेव्हा पुष्कळदा इमारतींच्या गच्चीचं पाणी त्याच वाहिनीत जोडलेलं असतं. अशा वेळी फक्त ‘चेंबर साफ करा’ लिहिलं तर पुढच्या पावसात तेच होईल. ‘वाहिनीत पावसाचं पाणी जोडलं आहे का, याची तपासणी करावी’ हेही लिहा.

कचरा: घरोघरचा कचरा बहुतांश भागात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई-दादा गोळा करतात, तर रस्ता झाडणं आणि कचऱ्याचे ढीग उचलणं घनकचरा व्यवस्थापन विभागाचं काम. रस्त्यावरच्या ढिगाबद्दल आरोग्य निरीक्षकाशी बोला. तो भागातल्या आरोग्य कोठीवर (सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी) सकाळी हजेरीच्या वेळी भेटतो. दारात येणाऱ्या कचरावेचक ताईंवर रस्त्यावरच्या ढिगाचा राग काढू नका. ते काम त्यांच्याकडे नाही, आणि ओला-सुका कचरा वेगळा न करता दिला तर त्यांचंच काम दुप्पट होतं.

कुत्री: ‘उचलून घेऊन जा’ ही मागणी निकाली निघत नाही. नियमाप्रमाणे गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात सोडतात. म्हणून मागणी नसबंदीची आणि रेबीजच्या लशीची करा. कुत्रं पिसाळल्याची शंका असेल तर तसं ठळक लिहा.

३. आधी जमवायच्या गोष्टी

- मिळकतकराचं बिल किंवा त्यावरचा मिळकत क्रमांक. भाडेकरूंना घरमालकाकडून फोटो मिळाला तरी पुरे. तक्रार करायला घर स्वतःचं असावं लागत नाही.
- जागेचे दोन फोटो: एक जवळून, एक लांबून. लांबच्या फोटोत दुकानाची पाटी, विजेचा खांब किंवा बसथांबा दिसला पाहिजे.
- दिव्याची तक्रार असेल तर खांबावर रंगवलेला क्रमांक.
- गूगल मॅपवरचं अचूक ठिकाण.
- एक साधी वही किंवा फोनमधली नोंद: तारीख, वेळ, तक्रार क्रमांक, कोण काय बोललं.
- लेखी अर्जाच्या दोन प्रती. दुसरी तुमच्या पोचपावतीसाठी.

पाण्याच्या तक्रारीला थोडी मोजणी जोडा. ‘पाणी कमी येतं’ यावर अभियंत्याला काही करता येत नाही. २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीन दिवस एकाच वेळी मोजा. बादली १०० सेकंदांत भरत असेल तर प्रवाह मिनिटाला १२ लिटर. त्याआधी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीतला बॉल कॉक आणि मीटरजवळची जाळी तपासा. बऱ्याचदा दोष तिथेच सापडतो. शेजारच्या इमारतीत पाणी नीट असेल तर मुख्य वाहिनीत दोष असण्याची शक्यता कमी.

पाणी गढूळ येत असेल तर पारदर्शक बाटलीत भरून फोटो घ्या. पाणी आल्यावर कितव्या मिनिटाला भरलं तेही लिहा. पाणी थोडा वेळच सुटतं, त्यामुळे बाकी वेळ वाहिनी रिकामी असते आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पहिली काही मिनिटंच पाणी गढूळ असेल तर गळती जवळपास असण्याची शक्यता असते. अभियंत्याला शोध घ्यायला हा सर्वांत उपयोगी धागा आहे.

४. तक्रार कशी लिहायची

असं लिहू नका: ‘आमच्या भागात ड्रेनेजचा फार त्रास आहे, कुणीही लक्ष देत नाही, त्वरित कारवाई करावी.’

असं लिहा: ‘डहाणूकर कॉलनी, गल्ली क्र. ५, मुख्य रस्त्यापासून सुमारे ४० पावलांवर डाव्या हाताला असलेल्या मैलापाण्याच्या चेंबरमधून १२ तारखेपासून रोज सकाळी ७ ते १० पाणी रस्त्यावर वाहत आहे. वाहिनी जेटिंग मशिनने साफ करावी आणि चेंबरचं तुटलेलं झाकण बदलावं. काम झाल्यावर साफ झालेल्या चेंबरचा फोटो जोडूनच तक्रार बंद करावी.’ (जेटिंग म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने वाहिनी मोकळी करणं.)

दुसऱ्या मजकुरात चार गोष्टी आहेत: नेमकी जागा, कधीपासून, कोणतं काम हवं, आणि काम झालं हे कशावरून कळणार. शेवटची गोष्ट जवळजवळ कुणीच लिहीत नाही. ती लिहिली की बंद करणाऱ्यालाही फोटोशिवाय बंद करताना अडखळावं लागतं.

एका तक्रारीत एकच विषय. खड्डा, दिवा आणि कचरा एकत्र लिहिलात तर यातलं एक काम करून तिन्ही बंद होतात. आणि भाषा सभ्य ठेवा. तुमचा मजकूर शेवटी ज्या कनिष्ठ अभियंत्यापर्यंत पोचतो, तो खड्ड्यावर स्वतः जाणारा माणूस असतो. त्याला शिव्या देऊन काम वेगाने होत नाही.

पावसाळ्यातल्या खड्ड्यांबद्दल एक तांत्रिक बाब. ओल्या पृष्ठभागाला डांबर धरत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पक्कं डांबरीकरण होत नाही. खडी-मुरूम, कोल्ड मिक्स किंवा ब्लॉक टाकून तात्पुरतं बुजवतात. त्या काळात ‘तात्पुरता बुजवावा, आणि पावसाळ्यानंतर पक्की दुरुस्ती करावी’ असं दोन टप्प्यांत मागा. दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा तक्रार नोंदवा आणि तीत जुना क्रमांक घाला.

५. कुठे नोंदवायची

‘पीएमसी केअर’ हे महापालिकेचं तक्रारीचं अॅप आणि संकेतस्थळ आहे. टोल फ्री क्रमांक १८०० १०३० २२२. फोनवर सांगितलंत तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि समोरच्याने काय टिपलं ते वाचून दाखवायला सांगा. पत्ता चुकीचा टिपला गेला तर तक्रार दुसऱ्याच क्षेत्रीय कार्यालयाकडे जाते. फोटो जोडता येतो म्हणून शक्यतो अॅपच वापरा.

लेखी अर्ज जुना वाटला तरी अजून त्याचंच वजन जास्त. क्षेत्रीय कार्यालयातल्या आवक-जावक कक्षात द्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांना प्रत्यक्ष द्या’ म्हणून कुणी परत पाठवलं तरी आधी आवक करूनच मग साहेबांना भेटा. शिक्का नसलेला अर्ज हरवला तर तो दिल्याचा काहीच पुरावा नसतो.

समाजमाध्यमांवर टाकायला हरकत नाही, पण तक्रार क्रमांकासह टाका. क्रमांक नसेल तर उत्तरात ‘कृपया तक्रार नोंदवा’ एवढंच येतं.

६. पाठपुरावा

दिवस मोजा. वाहतं मैलापाणी, उघडं चेंबर, लोंबती तार, झाड पडणं या धोक्याच्या गोष्टी. यात त्याच दिवशी फोन करा. आग किंवा अडकलेला माणूस असेल तर थेट १०१. बाकी कामांत आठवड्याने कनिष्ठ अभियंत्याला, पंधरा दिवसांनी उप अभियंत्याला, महिन्याने सहायक आयुक्तांना लेखी. प्रत्येक वेळी आधीचा क्रमांक आणि तारीख घाला, म्हणजे वरच्या माणसाला आधी काय झालं ते शोधावं लागत नाही.

नगरसेवकाकडे जायचं असेल तर तेव्हाही क्रमांक घेऊन जा. एका प्रभागात एकापेक्षा जास्त नगरसेवक असतात आणि जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात. सगळ्यांना एकच पत्र द्या. एकालाच दिलं तर बाकीचे ‘तो विषय त्यांच्याकडे आहे’ म्हणतात.

७. ‘बंद’चा मेसेज आल्यावर

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. मेसेज आला की जागेवर जा, फोटो काढा आणि मगच अभिप्राय द्या. तक्रार पुन्हा उघडण्याचा पर्याय दिसत असेल तर लगेच वापरा. दिसत नसेल तर नवी तक्रार नोंदवून पहिल्याच वाक्यात लिहा: ‘तक्रार क्र. … काम न होता बंद झाली आहे, आजचा फोटो जोडला आहे.’

बंद करताना दिलेला शेरा नीट वाचा. पुढचं पाऊल त्यावर ठरतं.

‘सदर विषय या विभागाशी संबंधित नाही’: खातं चुकलं आहे. कोणत्या विभागाशी संबंधित आहे ते विचारा आणि त्या विभागाकडे नवी तक्रार करा. वाद घालत बसू नका.

‘जागा आढळून आली नाही’: फोटो आणि मॅपचं ठिकाण दिलेलं नसेल तर ही आपली चूक. दिलेलं असेल तर अभियंत्याला ‘मी स्वतः जागा दाखवतो’ असं कळवून वेळ मागा.

‘काम पूर्ण’: पण तात्पुरतंच केलं आहे. काय केलं ते मान्य करा आणि उरलेलं नेमकं लिहा. ‘जेटिंग झालं, झाकण बदललेलं नाही.’ ‘काहीच केलं नाही’ असं लिहिलंत आणि ते खोटं निघालं तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

‘निधी उपलब्ध झाल्यावर काम करण्यात येईल’: या कामासाठी पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) तयार केलं आहे का आणि किती रकमेचं, हे लेखी विचारा. पूर्वगणनपत्रक नसेल तर काम अजून कागदावरही आलेलं नाही. ते तयार करून घेणं ही पुढची मागणी.

‘खाजगी जागा’: मग पुरावा तपासा. रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे की नाही, याची नोंद क्षेत्रीय कार्यालयात मिळते. नवीन वसाहतींमध्ये हा प्रश्न फार वर्षं लोंबकळतो.

अभिप्राय आणि तारे प्रामाणिकपणे द्या. काम झालेलं असताना जुन्या रागापोटी एक तारा देऊ नका, आणि साहेब फोनवर गोड बोलले म्हणून न झालेल्या कामाला पाच तारे देऊ नका. नागरिकांचं मत कुठे मोजलं जातच नाही असं समजू नका. केंद्राच्या राहणीयोग्य शहरांच्या निर्देशांकात २०१८ मध्ये पुणे पहिलं होतं, आणि २०२० च्या फेरीत नागरिकांच्या मतांच्या पाहणीला ३० टक्के गुण होते. त्या फेरीत पुणे बंगळुरूच्या मागे दुसरं आलं.

८. तरीही हललं नाही तर

तीन वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत होते.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा दाखले, नोंदी, नळजोड अशा अधिसूचित सेवांसाठी आहे. जन्माचा दाखला वेळेत मिळाला नाही तर तो लागू होतो, खड्ड्याला होत नाही. प्रत्येक सेवेची मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची यादी कार्यालयात लावलेली असली पाहिजे. तिचा फोटो काढून ठेवा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांत पहिलं अपील. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज अपूर्ण असेल तर मुदत धरली जात नाही, म्हणून सगळी कागदपत्रं जोडल्याची पोच घ्या.

माहितीचा अधिकार तक्रार सोडवण्यासाठी नाही, पण कागद बाहेर काढण्यासाठी आहे, आणि कागद बाहेर आला की काम हलतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘काम का झालं नाही?’ असा प्रश्न विचारू नका, ‘का’चं उत्तर देणं बंधनकारक नाही. असं मागा: ‘तक्रार क्र. … वरील कार्यवाहीच्या नोंदींची प्रत; काम केल्याचा फोटो आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदीची प्रत; या रस्त्याच्या मागील कामाच्या कार्यादेशाची आणि दोषदायित्व कालावधीची माहिती.’ शेवटचा मुद्दा रस्त्याच्या बाबतीत फार कामाचा. दोषदायित्व कालावधी, म्हणजे झालेल्या कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो तो काळ, संपलेला नसेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते, आणि मग ‘निधी नाही’ हे कारण उरत नाही. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप लावून.

लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी प्रत्यक्ष ऐकण्याचा दिवस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. विषय वैयक्तिक असावा आणि न्यायालयात प्रलंबित नसावा. खालच्या पातळीवर अर्ज केल्याचा पुरावा जोडलात तरच तिथे बोलता येतं. आवक शिक्क्याची प्रत जपायची ती यासाठीही.

९. महापालिका काय सांगते ते कळण्यासाठी

पाणी बंदच्या सूचना बहुधा गुरुवारच्या देखभालीच्या असतात आणि एक-दोन दिवस आधी मराठी वर्तमानपत्रांत व महापालिकेच्या समाजमाध्यमांवर येतात. त्यात सोसायट्यांची नसून टाक्या आणि परिसरांची नावं असतात, म्हणून आपली टाकी कोणती ते एकदा माहीत करून घ्या. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं, त्याची लगेच तक्रार करू नका.

झाडतोड, आरक्षण बदल, विकास आराखडा यांच्या ‘जाहीर प्रकटनांत’ हरकती-सूचनांची मुदत दिलेली असते. झाडाच्या बाबतीत ती फार थोडी असते. मुदतीनंतरची हरकत कितीही बरोबर असली तरी विचारात घेतली जात नाही.

१०. नव्या कामासाठी अंदाजपत्रक

बाक, पदपथाची दुरुस्ती, गतिरोधक, दिवे अशी छोटी नवी कामं तक्रारीने होत नाहीत, त्यांना तरतूद लागते. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. सुचवायचं काम साधारण ५ लाख रुपयांपर्यंतचं असावं. अर्ज पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात, ऑनलाइन आणि क्षेत्रीय कार्यालयातही. जुलै उजाडला की चौकशी सुरू करा.

अर्जात जागा महापालिकेच्या मालकीची असल्याचं लिहा. खाजगी जागेवरची कामं छाननीतच गळतात. कामाची लांबी-रुंदी मोजून द्या, जसं ‘पदपथ ६० मीटर लांब, १.५ मीटर रुंद’. गतिरोधकासाठी वाहतूक पोलिसांचं मत लागतं, त्यासाठी वेगळं पत्र आधीच देऊन ठेवा. अर्जाची पोच सांभाळा आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर तुमच्या प्रभागाच्या यादीत ते काम कोणत्या रकमेने आलं आहे ते बघा. आलं असेल तर एप्रिलमध्येच क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला भेटून निविदेची तारीख विचारा, म्हणजे ३१ मार्चला तरतूद वाया जाणार नाही.